उमेदवारीचा खर्च कोणी करायचा?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. शाळेत मी बोलायला उभी राहिले की मागच्या बाकांवरून खोकल्याची साथ सुरू व्हायची. ती सगळी मंडळी आज आलेली आहेत, हे मी मघाशीच पाहून ठेवलंय. त्यामुळे वेळ संपल्याची घंटा वेगळी वाजवायची गरज पडणार नाही.

सकाळपासून आठवणी पोटभर झाल्या. प्रार्थनेच्या रांगा झाल्या, गणिताच्या सरांचा खडू झाला, सहलीत वेरूळला हरवलेला डबासुद्धा झाला. मी त्यात भर घालणार नाही. मला तुमच्यापुढे एक मागणी मांडायची आहे. ती ऐकायला थोडी रूक्ष आहे, तिच्यात आकडे आहेत, आणि शेवटी पैसेही आहेत. पण या शाळेतून आपल्यानंतर बाहेर पडलेल्या मुलामुलींशी तिचा संबंध आहे, म्हणून ती इथेच मांडायला हवी.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की मी आपल्याच शहरातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. गेली काही वर्षं विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपचं काम माझ्याकडे आहे. इंटर्नशिप म्हणजे शिकता शिकता एखाद्या कंपनीत, कार्यालयात, संस्थेत किंवा वकिलाकडे काही आठवडे प्रत्यक्ष काम करणं. आपल्या वेळी हे प्रकरण डॉक्टर होणाऱ्यांपुरतं होतं. घाटीत एमबीबीएसची मुलं इंटर्नशिप करायची, एवढंच आपल्याला ठाऊक. आता तसं राहिलेलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रत्यक्ष कामाचा अनुभव हा अभ्यासक्रमाचाच भाग झाला. त्याला क्रेडिट मिळतात. एक क्रेडिट म्हणजे ३० तास काम. चार क्रेडिट हवे असतील तर १२० तास, म्हणजे रोज आठ तास धरले तर पूर्ण पंधरा दिवस. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे अशी उमेदवारी करावीच लागते.

हे चांगलंच आहे. पुस्तकातला ताळेबंद आणि दुकानातली खतावणी यांत किती अंतर असतं, हे मी रोज पाहते. मुलगा महिनाभर एखाद्या कार्यालयात बसून आला की त्याची बोलण्याची पद्धत बदलते. तो प्रश्न विचारायला लागतो. पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी असतं.

अडचण आहे ती पैशांची. यातली बरीच कामं बिनपगारी असतात. ‘अनुभव मिळतो की, आणखी काय हवं?’ असं उत्तर मिळतं. आणि ज्यांचं काम खरोखर शिकण्यासारखं असतं, अशा बऱ्याच जागा पुण्याला, मुंबईला, हैदराबादला किंवा दिल्लीला असतात.

आता एक उदाहरण सांगते. नाव सांगणार नाही. ही मुलगी आपल्याच शाळेतून दहावी झालेली. वडील वाळूजला कंत्राटी कामगार, आई घरी शिवणकाम करते. मुलगी पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतः पत्रव्यवहार करून पुण्यातल्या एका संस्थेत सहा आठवड्यांची जागा मिळवली. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे यातले सलग चार आठवडे मोजले जाणार होते, उरलेले दोन ती स्वतःच्या हौसेने करणार होती. काम कामगार कायद्याचं. वडिलांच्या नोकरीत रोज जे घडताना पाहिलं, त्याच विषयाचं. ती पत्र घेऊन मला दाखवायला आली तेव्हा तिचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

आम्ही दोघींनी बसून कागदावर हिशेब मांडला. कॉट बेसिसवर खोली, महिना ४,५०० रुपये, सहा आठवड्यांचे ६,७५०. मेस महिना ३,५००, म्हणजे ५,२५०. शहरातली बस १,५००. जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं आणि किरकोळ खर्च १,०००. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून तेवढ्यात भागलं. बेरीज १४,५०० रुपये.

मी म्हटलं, एवढंच ना, बघू काहीतरी. ती म्हणाली, ‘मॅडम, अजून एक ओळ राहिली.’ आणि तिने खाली लिहिलं: साडीचं दुकान, १२,००० रुपये. दरवर्षी लग्नसराईत ती गुलमंडीवरच्या एका दुकानात काम करायची. महिना ८,००० मिळायचे. सहा आठवड्यांचे १२,०००. त्या पैशांतून तिची पुढच्या वर्षाची पुस्तकं, परीक्षेची फी आणि घरातला पावसाळ्याआधीचा किराणा व्हायचा. म्हणजे ती बिनपगारी इंटर्नशिप तिला साडेचौदा हजारांना पडत नव्हती. ती साडेसव्वीस हजारांना पडत होती.

तिची आई मला भेटायला आली. तिने एकच प्रश्न विचारला. ‘काम बी करायचं आन् पैसं बी आपूनच भरायचं? ह्ये कसलं काम म्हणायचं, मॅडम?’

मी अर्थशास्त्राची अनेक पुस्तकं वाचली आहेत. पण बिनपगारी इंटर्नशिपवर यापेक्षा नेमका प्रश्न मी कुठे वाचला नाही. मुलगी गेली नाही. संस्थेला तिने ‘तब्येत बरी नाही’ असं कळवलं. पैसे नाहीत, हे लिहायची तिला लाज वाटली. पुढे त्या जागेवर पुण्यातच राहणारा एक विद्यार्थी गेला, आणि नंतर त्याला तिथेच नोकरी मिळाली. त्याचा यात काही दोष नाही. तो हुशारच असणार. पण ती जागा त्याला मिळण्यात त्याच्या घराच्या पत्त्याचाही वाटा होता.

आमच्या मुलीने मग क्रेडिटसाठी काय केलं? इथल्याच एका ओळखीच्या वकिलांकडे दिवस भरले. कामाच्या तासांचा कागद मिळाला. माझ्या कपाटात असे शेकडो कागद आहेत. काहींवर मोठ्या कंपनीचा शिक्का आहे, काहींवर मामाच्या झेरॉक्सच्या दुकानाचा. गुणपत्रिकेत दोघांना सारखेच क्रेडिट. पण एकजण काम शिकून आलेला असतो आणि दुसरा केवळ शिक्का घेऊन आलेला असतो. त्या दोघांमध्ये बुद्धीचा फरक फार क्वचित असतो. बहुतेक वेळा फरक असतो तो मे महिन्याच्या खर्चाचा.

ही गोष्ट नवी आहे असं मात्र समजू नका. आपल्या भाषेत त्यासाठी फार जुना शब्द आहे: उमेदवारी. आज उमेदवार म्हटलं की आपल्याला निवडणूक आठवते. पण जुन्या मराठीत कचेरीत बिनपगारी राबणारा, आज ना उद्या जागा रिकामी होईल या आशेवर बसलेला, तो उमेदवार. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. आशेवर काम करणारा माणूस. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आजोबांनी अशी उमेदवारी केली असेल. पण त्या काळातही हा उमेदवार जेवायचा कुठे, झोपायचा कुठे, याची काहीतरी सोय समाजाने लावलेली असायची. गावचा कुणी नातेवाईक, कुणाच्या वाड्यातली पडवी. शिकणाऱ्या मुलांसाठी वार लावून जेवण्याची पद्धत होती. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. त्यात अपमानही होता आणि जातीची बंधनं तर होतीच. ती पद्धत परत आणा असं मी मुळीच म्हणत नाही. पण एक गोष्ट त्या लोकांना कळलेली होती. शिक्षण फुकट असलं तरी शिकणाऱ्याला रोज दोन वेळा भूक लागते.

हेच ओळखून शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह चालवलं. ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना महाराष्ट्रभर गेली ती त्यांच्यामुळे. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींच्या राहण्याजेवणाची सोय करते आहे.

आपल्या शहरापुरतं बोलायचं तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. त्याआधी मराठवाड्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबादची वाट धरावी लागे. म्हणजे हुशारीइतकाच तिथे राहण्याचा खर्च महत्त्वाचा. बाबासाहेबांना हे स्वानुभवाने माहीत होतं. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे लंडनला शिकत असताना तिची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावं लागलं. तो पुरा करायला ते १९२० मध्ये पुन्हा गेले, ते स्वतःची बचत आणि शाहू महाराजांसारख्यांची मदत घेऊन. एवढ्या मोठ्या माणसाच्या शिक्षणातली तीन वर्षं मदतीची मुदत संपल्यामुळे लांबली.

मला तुमचं लक्ष या ‘मुदत’ शब्दाकडे वेधायचं आहे. आज फीची सवलत आहे, शिष्यवृत्त्या आहेत. स्वाधार योजनेत, वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला राहण्याजेवणासाठी आपल्या शहरात वर्षाला ५१,००० रुपये आणि मुंबई-पुण्यात ६०,००० रुपये असे दर ठरवले गेले. या योजनांनी कितीतरी घरं उभी केली आहेत. पण या मदतीची सारी आखणी कॉलेजचे वर्ग चालू असतात त्या दिवसांची आहे, आणि मूल जिथे शिकतं त्या गावाची आहे. मे महिन्यात मुलगी दुसऱ्या शहरात सहा आठवडे काम करायला जाणार असेल, तर ती या रकान्यात बसत नाही.

तुम्ही म्हणाल, सरकारने इंटर्नशिपच्या योजना काढल्या आहेत ना? काढल्या आहेत, आणि चांगल्या आहेत. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,०००, पदवीधराला १०,०००. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली. ती सुरू झाली तेव्हा २१ ते २४ वयाच्या तरुणांना मोठ्या कंपन्यांत वर्षभर काम, महिना ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदाच ६,००० रुपये असं तिचं स्वरूप होतं. दोन्ही योजना बेकारीशी लढण्यासाठी आखलेल्या आहेत. म्हणून दोन्हींत अट अशी की उमेदवाराचं नियमित शिक्षण चालू नसावं. जो दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात शिकतो आहे, ज्याला अभ्यासक्रमानेच इंटर्नशिप करायला सांगितलं आहे, तो नेमका या दोन्ही दरवाजांच्या बाहेर उभा.

कारखान्यांतल्या शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. त्याप्रमाणे ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावंच लागतं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या आपल्या उद्योजक मित्रांना तो तोंडपाठ असेल. पण कॉलेजमधून चार-सहा आठवड्यांसाठी आलेला इंटर्न बहुधा त्या चौकटीत येत नाही.

दिल्लीतलीच दोन सरकारी कार्यालयं बघा. परराष्ट्र मंत्रालयाच्या इंटर्नशिपमध्ये निवड झालेल्या विद्यार्थ्याला महिना १०,००० रुपये आणि दिल्लीला जाण्यायेण्याचं विमानभाडं देण्याची तरतूद केली गेली. नीती आयोगाच्या इंटर्नशिपच्या नियमांत मात्र ती विनावेतन असल्याचं आणि स्वतःचा लॅपटॉप आणायला हवा असल्याचं लिहिलेलं. कन्नडचा मुलगा यांतल्या कुठल्या ठिकाणी अर्ज करण्याची हिंमत करेल, हे तुम्हीच ठरवा. विज्ञानाच्या मुलांच्या बाबतीत आपल्या देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी फार चांगला पायंडा पाडला आहे. त्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीत मुलाला दोन महिने शास्त्रज्ञाबरोबर काम करायला मिळतं, विद्यावेतन मिळतं आणि रेल्वेभाडंही मिळतं. मला आकर्षण आहे ते त्या रेल्वेभाड्याचं. नियम करणाऱ्या कुणीतरी विचार केलेला दिसतो की हा मुलगा तिथे पोचणार कसा.

बाहेरच्या देशांतही ही अडचण आहे. अमेरिकेत व्हाइट हाउसमधले इंटर्न २०२२ पर्यंत बिनपगारीच राबत होते. त्या वर्षीच्या हिवाळ्याआधी तिथे पहिल्यांदा मोबदला सुरू झाला, आणि कारण हेच दिलं गेलं की एरवी तिथे पैसेवाल्यांचीच मुलं येऊ शकतात. तिथल्या कित्येक कॉलेजांनी यावर स्वतःपुरता उपाय काढला आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजमध्ये, हे मुलींचं कॉलेज आहे, ‘प्रॅक्सिस’ नावाची योजना आहे. मुलीने बिनपगारी किंवा अगदी थोड्या पगाराची उन्हाळी इंटर्नशिप मिळवली, तर तिच्या राहण्याजेवणाला कॉलेज हातभार लावतं. अशा निधींत ठिकठिकाणी माजी विद्यार्थ्यांचे पैसे असतात. म्हणजे आपल्यासारख्यांचे.

आता आक्षेपांकडे येते. ग्रुपवर मी हा विषय काढला तेव्हा दोन आक्षेप आले आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप: आपण गरिबीतून वर आलो, कुणी भत्ता दिला नाही, थोडे हाल झाले की माणूस घडतो. मित्रा, हे खरं आहे. पण आपण शिकलो तेव्हा सुट्टीतली कमाई आणि शिक्षण एकमेकांच्या आड येत नव्हते. उन्हाळ्यात तू पैठण गेटला चपलांच्या दुकानात उभा राहायचास आणि जूनमध्ये वर्गात यायचास. आजच्या मुलाला सांगितलं जातं की दुकानात उभा राहिलास तर तुझी इंटर्नशिप राहील, आणि इंटर्नशिप केलीस तर दुकान जाईल. हाल सोसायला तो तयार आहे. पण एकाच मे महिन्यात दोन ठिकाणी उभं राहणं कुणालाच जमत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: आपण खर्च उचलला तर कंपन्या म्हणतील, बरं झालं, आता पगार द्यायला नको. मला हा आक्षेप मान्य आहे. म्हणून माझ्या प्रस्तावात पहिलाच नियम असा आहे की नफा कमावणाऱ्या कंपनीतल्या इंटर्नशिपला हा निधी एक रुपयाही देणार नाही. त्यांनी विद्यावेतन द्यावं. आणि याची सुरुवात या मांडवातून व्हावी. आपल्या तुकडीत कारखाना, दवाखाना, सीएचं कार्यालय, बांधकाम व्यवसाय असलेले निदान पंधरा जण मला आत्ता समोर दिसताहेत. तुमच्याकडे कॉलेजचं मूल कामाला आलं तर त्याला निदान बसभाडं, जेवण आणि काही रक्कम द्या. सहाशे रुपयांचा हार आज आपण पाहुण्यांना घातला. तेवढ्यात मुलाचा आठवड्याचा डबा होतो. निधी राखून ठेवायचा तो सामाजिक संस्था, न्यायालयीन काम, प्रयोगशाळा, संग्रहालय, लहान वर्तमानपत्र अशा ठिकाणांसाठी, जिथे शिकायला खूप आहे पण द्यायला खरोखर काही नाही.

आम्ही चौघांनी गेल्या मे महिन्यात हे करून पाहिलं. चौघांची नावं सांगू नका असं ठरलेलं आहे. तीन विद्यार्थी निवडले, तिघेही आपल्या शाळेचे. एक मुलगा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत सहा आठवडे राहिला. तिथल्या बाईंनी त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं आहे. दुसरी गंगापूर तालुक्यातल्या खेड्यावरून रोज येऊन इथेच, आपल्या खंडपीठात काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडे चार आठवडे बसली. तिचा खर्च फक्त बस आणि दुपारचं जेवण. साडेचार हजारांत झालं. ती म्हणाली, ‘कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मी रोज चढत होते.’ तिसरा मुलगा मुंबईला एका संस्थेत गेला आणि अकराव्या दिवशी परत आला. वडील आजारी पडले, दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. आल्यावर त्याने आमच्यापैकी एकाच्या घरी जाऊन एक पाकीट दिलं. आत उरलेले ६,२०० रुपये आणि झालेल्या खर्चाची सगळी तिकिटं होती, दादरहून घेतलेल्या एका पाण्याच्या बाटलीच्या चिठ्ठीसकट. पैसे परत करायची अट आम्ही कुठेच घातलेली नव्हती. तीनांपैकी दोघांचं पूर्ण झालं. तिसऱ्याला यंदा पुन्हा पाठवायचं आमच्या मनात आहे.

या अनुभवातून काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या तुमच्यापुढे ठेवते. पैसे आधी द्यायचे. ‘बिलं आणा, मग देऊ’ ही पद्धत ज्याच्या खिशात आधीच पैसे आहेत त्याच्या सोयीची असते. कॉटची अनामत रक्कम पहिल्या दिवशीच भरावी लागते. दुसरं, टक्क्यांची अट नको. काम मिळवल्याचं पत्र आणि शाळेतल्या किंवा कॉलेजातल्या एका शिक्षकाचा शब्द पुरे. तिसरं, अर्ज एका पानाचा, मराठीत. चौथं, मंचावर धनादेश देताना फोटो नको आणि अहवालात नाव नको. जिला ‘पैसे नाहीत’ असं लिहायची लाज वाटली, तिला आपण फ्लेक्सवर नेऊ नये. पाचवं, ज्या घराला मुलाची सुट्टीतली कमाई लागते, त्या घरासाठी त्या बुडालेल्या कमाईतली थोडी भरपाई. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण कुठल्याच योजनेत ही ओळ नसते.

आता आकडे. बाहेरगावी जाणाऱ्या सहा विद्यार्थ्यांना प्रत्येकी १५,००० रुपये खर्चाला आणि ५,००० घरासाठी, म्हणजे १,२०,०००. शहरातच काम करणाऱ्या सहा जणांना प्रत्येकी ५,०००, म्हणजे ३०,०००. एकूण वर्षाला दीड लाख. आपल्या ग्रुपवर ११२ जण आहेत. शंभर धरू, कारण बारा जण नुसतेच ‘सुप्रभात’ पाठवतात. शंभर जणांनी वर्षाला १,५०० रुपये. महिना सव्वाशे. आजच्या जेवणाची वर्गणी यापेक्षा जास्त होती, आणि ती तुम्ही तासाभरात भरली होती.

पैशांबरोबर आणखी एक गोष्ट मागायची आहे. आपल्यापैकी बरेच जण पुण्यात, मुंबईत, ठाण्यात, हैदराबादला राहतात. मुलं शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेलेली, घरातली एक खोली रिकामी. मे आणि जूनमध्ये सहा आठवडे ती खोली आपल्या शाळेच्या एका मुलीला देता येईल का? खेड्यातल्या आईवडिलांचा मुलीला पाठवायला नकार असतो, तेव्हा निम्म्या वेळा कारण पैसे असतात आणि निम्म्या वेळा ‘राहणार कुणाकडे’ हे असतं. ‘शाळेतल्या बाईंच्या वर्गमैत्रिणीकडे’ हे उत्तर त्यांना पटतं. मी स्वतः दोन घरांत ते देऊन पाहिलं आहे.

आमच्या गुरुजनांना एक विनंती. सर, बाई, आपल्यापैकी कुणी कुणी कितीतरी मुलांची परीक्षा फी परस्पर भरली होती, आणि आम्हाला ते वीस वर्षांनी कळलं. कुणाला मदत हवी आहे हे न विचारता ओळखण्याची जी नजर आपल्याकडे आहे, ती आमच्याकडे नाही. अर्ज आमच्याकडे येतील, पण जो अर्जच करणार नाही तो आपल्याला माहीत असतो. त्याचं नाव फक्त आमच्या कानावर घाला.

चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर वर्गणीची नावं, उजव्या पानावर खोली देऊ शकणाऱ्यांची. हिशेब तिघांच्या सहीने चालेल आणि दरवर्षी जुलैमध्ये पै न् पै ग्रुपवर येईल. यंदाच्या मुलांची पत्रं मार्चमध्ये येऊ लागतील, म्हणून वही आजच भरलेली बरी. एका आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून द्यायचं आहे, आणि ते मला एकटीला परवडणारं नाही.

मागचे बाक आज खोकले नाहीत, याची मी नोंद घेतली आहे.